बोकड उताराला लागला

ऑन्द्रेय हुडाक यांनी कोळशाच्या खाणीत हाडे झिजवली. त्यांचे पुत्र मेतोद, म्हणजे माझे, या टेकलाचे, यजमान, पोलादाच्या भट्टीसमोर आयुष्यभर उभे राहिले. मेतोद यांचा मुलगा सिरिल याने पेनसिल्व्हेनियातल्या त्या भट्ट्या एकामागून एक विझताना पाहिल्या आणि ट्रक दुरुस्त करून संसार चालवला. सिरिलची मुलगी व्हेरोना. ही हकीकत तिची आहे.

ऑन्द्रेय यांनी एकदा पत्त्यांच्या डावात घोडा घालवला होता. तेव्हा माझ्या सासूबाईंनी जो नियम केला तो आजतागायत कोणी मोडलेला नाही: घरात जे जे चाकांवर चालते ते बाईच्या नावावर असावे. म्हणून पासष्ट साली आणलेली नवीकोरी पॉन्टियाक जीटीओ पहिल्या दिवसापासून माझ्या मालकीची. शौकीन मंडळी या गाडीला ‘बोकड’ म्हणतात. दिसायला सभ्य, पण धडक द्यायची ठरवली की कोणाला आवरायची नाही. इंजिन सुरू झाले की माझ्या फडताळातल्या बशा आजही किणकिणतात. मी तिच्यात नवरी होऊन बसले, सिरिलच्या वेळी तिच्यातूनच इस्पितळात गेले, आणि मेतोद यांना शेवटचे नेले तेही तिच्यातूनच. माणसाला एखाद्या वस्तूचा लोभ असेल तर त्याने तो उजळ माथ्याने बाळगावा.

व्हेरोनाने हिवाळेच्या हिवाळे गॅरेजात घालवून ही गाडी नट न् नट सुटी केली आणि कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी केली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे पंच विजेरी घेऊन गाडीखाली सरपटतात आणि नट मूळचा आहे की बदललेला, हे पाहून गुण कापतात. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवर कारखान्यातल्या कोणा कामगाराने तपासणीची खूण म्हणून पिवळा ठिपका लावला होता. व्हेरोनाने दात घासायच्या ब्रशने त्याच्याभोवतीचा गंज काढला, ठिपक्याला धक्का लागू दिला नाही.

सिरिलला ते मान्य नव्हते.

“अगं, या जुन्या गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच भांड्यात असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचं भांडं बसवतो, नळ्या नव्या घालतो. अर्ध्या दिवसाचं काम.”

“आणि ठिपका?”

“ठिपक्याचं काय लोणचं घालायचंय?”

“बाबा, तुम्ही ट्रकवाले. तुम्हाला नाही कळायचं.”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. ज्या हाताने नट आवळले त्या हातानेच ठरवावे, असा निर्णय मी दिला. सिरिल दार आपटून बाहेर गेला.

आमच्याकडे गाडी सोपवण्याची एक रीत आहे. नव्या चालकाने ती डोंगराच्या जुन्या रस्त्याने पलीकडे न्यायची आणि मालकिणीने शेजारी बसायचे. त्या शनिवारी प्रदर्शन डोंगरापलीकडे होते. तिथे पोहोचल्यावर मी गाडी व्हेरोनाच्या नावे करण्याच्या कागदावर सही करणार होते. हा रस्ता माथ्यावरून एका दमात खाली उतरतो आणि थेट हमरस्त्याला जाऊन भिडतो. तिथे खडीचे ट्रक थांबत नाहीत. हमरस्त्यापलीकडे दगडी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नदी. त्या तोंडाशी अपघातात गेलेल्यांचे लहानमोठे क्रूस रोवलेले आहेत. मी त्यांच्याकडे कधी पाहत नाही.

माथ्यावर चर्चच्या बायका पिरोही, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, तळत होत्या. व्हेरोनाने गाडी उभी केली तेव्हा ब्रेकचे पायडल मला जरा खोल गेल्यासारखे वाटले. विचारावेसे वाटले, पण समोरून गावातला जुना गाडीशौकीन एम्लिन प्रॉसर आला आणि त्याच्यासमोर आमच्या गाडीचे उणे काढणे मला मरणाहून अवघड.

“काय टेकला, बोकड अजून चालतो? मला वाटलं, चर्चच्या जेवणात शिजवलात.”

“एम्लिन, तुझी ती डॉज गाडी एकदा धू तरी. कोंबड्या येऊन अंडी घालतील.”

“धुवायचं नाव काढू नकोस. अडुसष्ट सालचा रंग आहे तो. वरून ब्रश फिरलेला नाही की एक चरा गेलेला नाही. तुमच्यासारखी म्हातारपणी पावडर नाही लावली!”

“आजोबा, तोंड सांभाळा, आजीच्या हातात पिरोही खायचा काटा आहे,” व्हेरोना म्हणाली.

तो हसला, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. ती तो कधीच देत नाही. तरुणपणी शर्यतीच्या पट्टीवर त्याची गाडी उलटून पेटली होती. सगळे मागे सरले. मेतोद पुढे गेले आणि तापलेल्या पत्र्यातून त्याला ओढून काढले. त्यानंतर मेतोद यांची बोटे पुरती मिटली नाहीत. कपाचा कान धरतानाही ते दोन्ही हात लावत. त्यांच्या शवपेटीपाशी एम्लिन एवढेच म्हणाला होता, “मेतोद, माझं देणं राहिलं.” तेव्हापासून तो मला जास्तच टोमणे मारतो. मानी माणसाला उपकार काट्यासारखा सलतो. मला हे कळते, कारण मीही त्याच मातीची आहे.

तो आमच्या आधी निघाला. आम्ही मागोमाग उताराला लागलो.

पहिल्या वळणावर व्हेरोनाने ब्रेक दाबला आणि गाडी हळू झाली. दुसऱ्या वळणावर तिने दाबला आणि काहीच झाले नाही. तिचा पाय तळाला टेकल्याचा आवाज मी ऐकला. तिने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मी मागे वळून पाहिले तर रस्त्यावर तेलाची ओली रेघ आमच्या पाठोपाठ येत होती.

“आजी,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता, शाळेत हरवलेल्या पोरीसारखा. “आजी, ब्रेक नाहीत.”

माझ्या जिभेवर पितळेची चव आली. तरी मी म्हणाले, “गिअर उतरव.”

तिसरा पडला. इंजिन असे किंचाळले की दात हिरड्यांत हलले. हातब्रेक ओढला, मागून जळका वास आला, तार कडकन तुटली आणि मूठ तिच्या हातात सैल लोंबू लागली. दुसरा गिअर पडेना. दांडा मधेच अडकला आणि त्या क्षणी गाडीला धरून ठेवणारे काहीही उरले नाही. चाके हलकी झाली. झाडे एकमेकांत मिसळली. व्हेरोना रडत नव्हती; ती दात आवळून दांड्याशी झगडत होती आणि तिच्या ओठातून रक्त येत होते. तिसरा पुन्हा पडला, पण वेगाचा काटा उतरायला तयार नव्हता. मला एकच दिसत होते: खाली झाडांच्या फटीतून चमकणारा हमरस्ता, आणि त्यावरून जाणारे ट्रक, एकामागून एक. मी म्हातारी आहे, माझे काय. पण या पोरीला मी माझ्या हाताने या रस्त्यावर आणले होते.

पुढच्या वळणानंतर डॉज दिसली. आम्ही तिच्यावर चालून जात होतो.

“हॉर्न दे. सोडू नकोस.”

एम्लिनने आरशात पाहिले असावे. आधी त्याने चिडून हात उडवला. मग तो हात हवेतच थांबला. त्याने वाट दिली नाही. वेग वाढवला, आमच्याइतका. वळण संपताच त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळवा स्वतःकडे ओढला. ये. ये.

“तो बोलावतोय,” व्हेरोना म्हणाली. “आजी, त्याच्या पाठीवर घालू? नाही जमणार! वाकडी लागली तर दोघंही दरीत जाऊ!”

“सरळ लाव.”

“त्याचा रंग...”

“व्हेरोना! ठोक.”

तिने ठोकले. तो आवाज अजून माझ्या झोपेत येतो. काच फुटली, पत्रा चुरगळला, माझी मान पुढे गेली आणि मागे आपटली. मग एम्लिनने ब्रेक लावले. दोन्ही गाड्या एकमेकींत रुतून किंचाळत खाली घसरू लागल्या. डॉजच्या चाकांतून पांढरा धूर निघाला आणि समोरचे काहीच दिसेना. मी देवाचे नाव घ्यायला गेले, तर ओठांवर मेतोद यांचे नाव आले. ट्रकचा भोंगा अगदी कानाजवळ वाजला. मी व्हेरोनाचा दंड धरला आणि डोळे मिटले.

गाडी थांबली आहे हे मला उशिरा कळले. बाजूने खडीचा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने दोन्ही गाड्या हलल्या. डॉजचे नाक हमरस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर होते.

व्हेरोना उतरली. चार पावले गेली आणि गवतात बसून ओकली. मी तिचे केस धरले. ते पुन्हापुन्हा माझ्या हातून निसटत होते.

“आजी, माझं चुकलं... तो ठिपका...”

“श्वास घे. बाकी नंतर.”

एम्लिन त्याच्या गाडीमागे उभा होता. बंपर आत गेला होता, डिकीचे झाकण दुमडले होते, आणि आयुष्यभर पाऊसही लागू न दिलेला तो रंग सोलून रस्त्यावर पडला होता. त्याने त्यातली एक ढलपी उचलली, पाहिली, टाकून दिली. मग टोपी काढून तो माझ्यासमोर आला. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले.

“पोरगी ठीक आहे?”

“आहे.”

“मग बोल, टेकला. मेतोद नाही, तेव्हा तूच बोल.”

मी पदर सावरावा तसा स्कार्फ सावरला आणि पाठ ताठ केली. असे शब्द वाकून बोलायचे नसतात.

“एम्लिन प्रॉसर, हुडाकांचे तुझ्याकडे काही राहिले नाही.”

“सगळं?”

“सगळे. फिटले.”

त्याने मान हलवली, टोपी डोक्यावर घातली आणि बाहीने डोळे पुसले.

“मग त्या बोकडाला माझ्या गाडीतून शिंगं काढायला सांग,” तो म्हणाला.