मखमली कोटाचा वास

सुनेनं राजाच्या काखेत नाक खुपसलं आणि तिला उमासाच आला.

"बोल पटकन," सासूबाई कुजबुजल्या. "कसला आहे?"

"घामाचा, आई. वर कसलंतरी गोडूस अत्तर. शी! मेल्याला आंघोळीचं वावडं आहे का?"

"त्याच्या आंघोळीशी आपल्याला काय करायचंय? अस्तरावर स्पिरिट मार नि पंख्यासमोर टांग."

राजा नाटकातला, आणि आता तर नुसता त्याचा मखमली कोट. दुपारचा प्रयोग संपवून माणूस कधीच निघून गेला होता, घाम तेवढा ठेवून. मखमल पाण्यात घातली की संपलीच. म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर कपडे उलटे करायचे, अस्तरावर पाणी घातलेलं स्पिरिट फवारायचं, वारा द्यायचा आणि सहा-सहा महिने तसेच रेटायचे. नाटक कंपनीत सासूबाई हे काम बावीस वर्षं करत होत्या. कुठल्या झग्यावर आणखी एक प्रयोग निघेल आणि कुठल्यावर नाही, हे त्या एकदाच हुंगून सांगत. यंदा थंडीत ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. चहा आणि रॉकेल सारखंच. कंपनीच्या साहेबांना कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि घर त्या नोकरीवर चालत होतं. तेव्हापासून सून 'मदतीला' येत होती.

"लोकांच्या सुना घर बघतात, मी लोकांच्या काखा हुंगते," असं तिनं नवऱ्याला ऐकवलंही होतं. तो हसला होता. त्याला हसायला काय जातंय!

पण सगळ्यात घाण वास कुठल्याच कोटाला नव्हता. तो सासूबाईंच्या राखाडी स्वेटरला होता. लोकर सारखी धुतली की आक्रसते, म्हणून त्या स्वेटर रोज वाऱ्यावर टाकायच्या, नाकाशी धरायच्या आणि "ताजा आहे" म्हणून परत अंगात घालायच्या. नाक कुठे होतं? कुबट, आंबूस, मोरीतल्या ओल्या फडक्यासारखा तो वास आठवडाभर खोलीत भरून राहिला होता. याच बाईनं लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सुनेच्या माहेरची शाल दोन बोटांत धरून "जरा ऊन दाखव हो हिला" म्हटलं होतं. परतफेडीची संधी आयती चालून आली होती. सून रोज तोंड उघडायची आणि मिटायची. जीभ रेटतच नव्हती.

तेवढ्यात साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"बाई, राणीचं काम करणाऱ्या मॅडम या खोलीत पाय ठेवायला तयार नाहीत. काहीतरी कुजलंय म्हणतात. तुमचं नाक काय सांगतंय?"

सासूबाईंनी कोट उचलला. नेहमीसारखे डोळे मिटून हुंगला.

"कोट स्वच्छ आहे, साहेब."

"मग येतोय कुठून?"

साहेब हुंगत हुंगत कपाटाकडे गेले, मग वळले आणि सासूबाईंच्या दिशेनं यायला लागले.

"माझा येतोय," सून म्हणाली.

"काय?"

"माझ्या कपड्यांचा. आठ दिवस धुतले नाहीत. घरी पाणी नव्हतं."

तिचे कान तापले. सकाळीच तिनं सासूबाईंच्या देखत बादलीभर कपडे पिळले होते.

साहेबांनी चपलेला काहीतरी लागल्यासारखं तोंड केलं. "शी, शी, शी! बाई, उद्यापासून हिला आत आणायचं नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच. सुनेच्या बाजूनं एक शब्द नाही.

परतीच्या वाटेवर त्या चार पावलं मागे राहिल्या. सून थांबली की त्याही थांबत. बसमध्ये सुनेनं शेजारची जागा धरून ठेवली, तर या थेट मागे जाऊन बसल्या आणि वर खिडकीही उघडली. गार वारा आत घुसला, माणसं कुरकुरायला लागली. सुनेचं डोकंच फिरलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! एवढं तोंड काळं करून घेतलं, आणि हिला माझीच शिसारी? उद्या ते कोट कोण हुंगणार, याचा तरी विचार आहे का? एकदा तोंडावर सांगूनच टाकावं म्हणून ती वळली.

सासूबाईंच्या अंगात स्वेटर नव्हता. तो त्यांनी पिशवीत कोंबला होता आणि पिशवीला गाठीवर गाठ मारत होत्या. उघड्या दंडांवर काटा आला होता.

शेवटची गाठ बसल्यावर त्या उठल्या, दांडा धरत धरत सुनेच्या जागेपाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"साहेबांना उद्या मीच सांगते, वास कुणाचा होता ते," त्या म्हणाल्या.

सून बाजूला सरकली. तरी त्या बसेनात.

"आधी हुंगून बघ," त्या हळूच म्हणाल्या. "मग बसते."