धाकट्यानं धुतलेलं छप्पर

थोरलीला उंचीची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायला खालून कुणीतरी ‘जपून गं’ म्हणावं लागतं. तसं म्हणणारी आई होती, ती गेली. मागे उरले अप्पा. शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज ऐकला की ते आतून ओरडायचे, "माझ्या खिडकीसमोर घाण पाडू नकोस गं!"

घर बैठं, कौलारू. मागच्या उतारावर शेजारच्या झाडाची दाट सावली पडायची, त्यामुळे तिकडची कौलं कायम ओलसर असायची आणि ओल म्हटली की शेवाळ आलंच. नुसता हिरवा रंग नव्हे, चांगली बोटभर जाडीची गादी. पावसाळा तोंडावर आला की थोरली सुट्टीचा दिवस धरून वर चढायची. थापीनं शेवाळाचे गोळे अलगद सोडवायचे, कौल हलू द्यायचं नाही, धसमुसळेपणा करायचा नाही. मग छपराच्या कडेनं जाणाऱ्या पन्हळीत कोपरापर्यंत हात घालायचा. कुजलेली पानं, चिखल, वरून घसरलेलं शेवाळ, एखादं मेलेलं पाखरू, सगळं बादलीत भरायचं. शेवटी पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते पाइपातून खाली खळखळत उतरतंय का, ते कान देऊन ऐकायचं. उतरलं की झालं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. बारीक, स्वच्छ हातांचं. सुट्टीनंतर ती कामावर गेली की नखांतली काळी-हिरवी रेघ पाहून मालकीण म्हणायची, "काय गं, शेती घेतलीस की काय?" थोरली हसायची. घरी मात्र त्या रेघेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

अप्पा वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदाराचा काटा केसभर झुकलेला असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही, अशी त्यांची ख्याती. आपल्या दोन लेकरांचं माप घेताना मात्र त्यांचा काटा एका बाजूला जो झुकला होता तो झुकलाच होता, आणि तो तपासायला कुठला निरीक्षक येणार?

धाकटा दुसऱ्या शहरात राहायचा. यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत होता, बोलण्यात पटाईत. वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचा, आणि आला की घरात जणू दिवे लागायचे. त्या वर्षी तो आला तो गाडीच्या डिकीत एक मशीन घालूनच. पाण्याचा जोरदार फवारा मारणारं, मोटारी धुवायला वापरतात तसलं.

"ताई, यंदा तू शिडीला हात लावायचा नाहीस," तो म्हणाला. "एका दिवसात छप्पर नवं करून देतो. तू आपली थापी घेऊन बसतेस, म्हणजे डोंगर पोखरून उंदीर!"

"अरे, कौलांवर इतक्या जोराचं पाणी मारायचं नसतं," थोरली म्हणाली. "पाणी खालून वर, कौलांच्या फटीत शिरतं. आणि वरचा थर निघाला की कौल पाणी प्यायला लागतं."

"वळचणीचं पाणी आढ्याला जातं म्हणतेस?" धाकटा हसला. "अप्पा, ऐकलंत का?"

अप्पा आरामखुर्चीत होते. धाकट्याकडे पाहताना त्यांचा सगळा चेहरा सैल व्हायचा. "करू दे गं त्याला," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आलाय पोरगा. तुला काय, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

 थोरलीला आणखी एकदा सांगता आलं असतं, दोनदा सांगता आलं असतं. पण तिच्या मनात आलं, होऊ दे. एकदा होऊनच जाऊ दे. हा विचार आल्याबरोबर तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा लाजही वाटली. ती आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली.

पुढच्या उतारापासून मशीन सुरू झालं तसं गल्लीत लोक गोळा झाले. काम दिसायलाच असं होतं की कुणीही थांबावं. फवारा जिथं लागेल तिथं काळं-हिरवं छप्पर लालभडक व्हायचं. शेवाळाची ढेकळं हवेत उडायची. समोरच्या शिवणकाकू शिलाई मशीन सोडून दारात आल्या आणि म्हणाल्या, "लेक असावा तर असा!" अप्पांनी खुर्ची अंगणात आणवली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते सांगत होते, "आमचा धाकटा. स्वतः चढलाय बरं का. माणूस लावला नाही." त्या दोन दिवसांत त्यांना गुडघे दुखल्याची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण करून धाकटा निघाला. मशीन परत करायचं होतं, शिवाय लगेच पुढच्या सकाळी कंपनीत बैठक. गाडीत बसता बसता म्हणाला, "ताई, पन्हळीत थोडा कचरा पडलाय तेवढा बघ हं."

थोडा! थोरलीनं मागच्या बाजूला जाऊन मान वर केली. छपरावरचं सगळं शेवाळ धुऊन खाली आलं होतं ते थेट पन्हळीत. पन्हळ काठोकाठ भरली होती, वरून ढेकळं डोकावत होती. दिसेल ते लख्ख केलं होतं आणि दिसणार नाही ते तिच्यासाठी ठेवलं होतं.  मग शिडी उचलून तिनं खोपटात नेऊन ठेवली आणि दाराला कडी घातली. ज्यानं घाण केली त्यानं काढावी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वर चढली नाही.

पुढच्या सुट्टीला ती मैत्रिणीकडे गेली. त्याच्या पुढच्या सुट्टीला दुपारभर झोपली. मधून मधून तिला पन्हळ आठवायची, आणि आठवली की ती दुसऱ्या कामाला लागायची.

पाऊस मात्र कुणाचा रुसवा पाहून थांबत नाही. तो आला तो सलग आला. अप्पांच्या खोलीत कौलांखालच्या गिलाव्याच्या छताच्या कोपऱ्यात आधी बशीएवढा डाग दिसला. मग तो ताटाएवढा झाला. थोरलीनं अप्पांना म्हटलं, "तुमची खाट जरा अलीकडे घेऊ या."

"काही नको. नुकतंच धुतलंय छप्पर. जुनी ओल असेल ती," अप्पा म्हणाले.

तिनं खाट ओढली नाही. वाद घालायची ताकद नव्हती असं ती नंतर स्वतःला सांगायची. पण ते पूर्ण खरं नव्हतं.

एका दुपारी दुकानात तिच्या हातात एका म्हातारबुवांच्या चष्म्याची काच होती, तेवढ्यात मालकिणीनं हाक मारली. शिवणकाकूंचा फोन. "अगं, लगेच ये. अप्पांच्या अंगावर छत आलंय."

ती कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. खोलीत ओल्या चुन्याचा वास भरला होता. भिजून जड झालेला गिलावा कोपऱ्यातून सुटून खाटेच्या पायथ्याशी कोसळला होता. त्यात शेवाळही होतं, काळं, चिकट, गादीवर पसरलेलं. पन्हळीत तुंबलेलं पाणी मागे सरून भिंतीच्या माथ्यावर चढलं होतं, आणि सैल झालेल्या कौलांखालून छतावर साठत गेलं होतं. अप्पा शिवणकाकूंच्या आधारानं दारात बसले होते. नडगीवर मार लागला होता, हाड शाबूत होतं. पण पांढऱ्या धुळीनं माखलेलं त्यांचं डोकं पाहून थोरलीला भडभडून आलं. ती गुडघ्यांवर बसली आणि पदरानं त्यांचा चेहरा पुसू लागली.

"लागलंय का फार?"

अप्पांनी तिचा हात बाजूला केला. "पन्हळ साफ केली नव्हतीस ना?"

"नाही."

"मला माहीत होतं. खिडकीतून बघत होतो मी रोज. शिडी काही बाहेर येईना." त्यांचा आवाज शांत होता, जुन्या हुद्द्यावरचा. "तो पोरगा एवढ्या लांबून येऊन दोन दिवस राबला. तुला एक पन्हळ साफ करता आली नाही?"

शिवणकाकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाणी आणते म्हणाल्या, पण भांड्याचा आवाज काही आला नाही.

"आणि इतकी वर्षं कोण करत होतं, अप्पा?" थोरली म्हणाली. "दरवर्षी वर कोण चढत होतं?"

"ते घरचंच काम. त्यात सांगण्यासारखं काय?"

"मग त्यानं दोन दिवस केलं ते गावभर सांगितलंत ते?"

अप्पांनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं, जणू इतकी सोपी गोष्ट हिला कळत कशी नाही. "अगं, तो येतो कधीमधी. त्याला बरं वाटावं, पुन्हा यावंसं वाटावं म्हणून बोलावं लागतं. तू काय, तू आहेसच की."

तू आहेसच. पाणी आहेच, भिंत आहेच, तशी तू आहेस. ते मुद्दाम टोचून बोलले असते तर तिला उलट बोलता आलं असतं. ते नुसतं खरं तेच सांगत होते. तिनं गिलाव्याचे तुकडे घमेल्यात भरले आणि बाहेर नेऊन टाकले.

कौलं दुरुस्त करणारा कारागीर येऊन बघून गेला. मागचा सगळा उतार उतरवावा लागेल म्हणाला, आणि पाऊस उघडल्याशिवाय हात लावता येणार नाही. तोवर अप्पांना तिनं स्वतःच्या खोलीत हलवलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत चटईवर झोपू लागली. चार दिवसांनी तिनं धाकट्याला फोन लावला.

"छप्पर होईस्तोवर अप्पांना तुझ्याकडे ने," ती म्हणाली.

"हो, हो, नेतो ना!" धाकटा लगेच म्हणाला. "यात विचारायचं काय? रविवारी येतो."

अप्पांना हे कळलं तसं त्यांचं नडगीचं दुखणं निम्मं पळालं. त्यांनी न्हावी घरी बोलावून केस कापून घेतले. इस्त्रीचे सदरे बॅगेत भरले, काढले, पुन्हा भरले. शिवणकाकूंना म्हणाले, "धाकट्याकडे चाललोय. परत कधी येईन सांगता येत नाही. तो सोडायचाच नाही मला."

रविवारी ते सकाळीच तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसले. पायांत बूट, शेजारी बॅग. थोरलीनं नाश्ता पुढे केला तर म्हणाले, "नको, वाटेत थांबू आम्ही." रस्त्यावर गाडी वाजली की मान वळायची.

फोन आला तेव्हा दुपार होत आली होती. थोरलीनं उचलला.

"ताई, जरा अडचण झालीय," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "इकडे हिचे आईवडील आलेत, जागा नाही. आणि अप्पांचं पथ्यपाणी, रात्रीचं उठणं, हिला नाही जमणार. पुढच्या महिन्यात बघू. तू अप्पांना सांग काहीतरी. तुला जमतं."

"काय सांगू?"

"सांग काहीही. गाडी बिघडली म्हण."

थोरलीनं अप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, काठी हातात घेऊन, उठायच्या बेतात. वाटलं असतं तर तिला त्या वेळी त्यांना सांभाळून घेता आलं असतं. तसं ती आयुष्यभर करत आली होती.

"तूच सांग," ती म्हणाली आणि फोन अप्पांच्या हातात दिला.

अप्पा ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "बरोबर आहे. तुझी कामं महत्त्वाची. नाही रे, मला कुठली घाई! गाडीचं काय, बिघडायचीच." मग फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ कानाशी धरून ठेवला. खाली ठेवला तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तूच काहीतरी बोलली असशील त्याला."

 थोरली खाली बसली, त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून दाराशी ठेवले. मग बॅग उघडून सदरे कपाटात लावले.

पाऊस उघडल्यावर छप्पर झालं. मागच्या उतारावर नवी कौलं बसली, पुढची जुनीच राहिली. अप्पा आपल्या खोलीत परत गेले. संध्याकाळी अंगणात बसले की अजूनही नव्या माणसाला सांगतात, "छपराचं सगळं आमच्या धाकट्यानं बघितलं." थोरली आत ऐकते. हातातलं काम थांबत नाही.

धाकटा सुट्टीच्या सकाळी घरच्या फोनवर अप्पांना फोन करतो. पूर्वी थोरली हातातलं टाकून धावत येऊन उचलायची आणि अप्पांना नेऊन द्यायची. आता ती स्वयंपाकघरात भाजी चिरत राहते. घंटा वाजत राहते. अप्पांची काठी आतल्या खोलीतून टकटक करत निघते, उंबऱ्याशी अडखळते, पुन्हा निघते. ते पोचेपर्यंत घंटा थांबलेली असते.

"कुणाचा होता गं?" अप्पा विचारतात.

"काय माहीत," थोरली म्हणते, आणि चिरलेली भाजी पाण्यात टाकते.