लाल गाडीमागची ट्रॉली

चढावर स्कूटर थांबवून मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. समोरचं दृश्य काही बदललं नाही. दातांच्या डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार विटांच्या तुकड्यांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढत चढ चढत होती. गाडीचं नाक वर उचललं गेलं होतं आणि मागची बाजू रस्त्याला टेकायची तेवढी बाकी होती. चालवत होत्या डॉक्टरांच्या पत्नी. या गाडीचं स्टिअरिंग नवऱ्याच्या हयातीत त्यांच्या हाती एकदाही आलं नव्हतं.

जळक्या क्लचचा वास नाकात शिरला.

या गाडीचं इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. वीसेक वर्षं तिला जिवापाड जपलेलं. डॉक्टर तर त्यांच्याही वरताण. आभाळ नुसतं भरून आलं तरी गाडी बाहेर निघत नसे. आत बसणाऱ्याला आधी बूट झटकायला लावत, पेशंटला चूळ भरायला लावावी तसं. चार महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मिस्त्रींचा हात धरला होता. ‘गाडीचे हाल होऊ देऊ नका,’ एवढंच म्हणाले होते. मिस्त्रींनी शब्द दिला होता.

चढ संपला तिथे जुन्या खाणीचा खड्डा होता. वहिनींनी गाडी थांबवली, उतरल्या आणि ट्रॉलीतून फावडं काढलं. मिस्त्री स्कूटर टाकून धावतच पोचले.

“वहिनी, हे काय चालवलंय?”

“गॅरेज पाडलं. त्याचा राडारोडा टाकतेय.”

“या गाडीने?”

“घरात दुसरी आहे का?”

मिस्त्री मागे जाऊन वाकले. बंपरखाली बोटाएवढ्या जाड लोखंडाचा हूक होता आणि वेल्डिंगचे ओघळ रंगावर आले होते. त्यांना भरून आलं.

“कुणी लावला हा?”

“गेटं बनवतो ना कोपऱ्यावर, त्याने. तोही तुमच्यासारखाच ओरडला. पण लावला.”

“अहो, टेम्पो सांगायचा होता!”

“टेम्पोवाला आला होता. मीच परत पाठवला.”

आता मात्र मिस्त्रींचा तोल गेला. खिडकीतून हात घालून त्यांनी चावी काढून घेतली.

“ही मी नेतोय. डॉक्टरांना शब्द दिलाय. आणखी दोन खेपा केल्यात तर क्लचप्लेट गेली म्हणून समजा. ही ओझी वाहायची गाडी नाही, वहिनी. हिला ताण सोसत नाही!”

“माहीत आहे. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

“मी? कधी?”

वहिनींनी फावडं मातीत रोवलं.

“एकोणीस वर्षं झाली. तुम्ही नवीन इंजिन बसवून दिलं होतं, त्याच आठवड्यात सकाळी माझ्या भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, असशील तशी निघ. सकाळची बस चुकली होती. ह्यांनी गाडीची चावी घेतली, बूटसुद्धा घातले. मग म्हणाले, एकदा मिस्त्रींना विचारतो.”

मिस्त्रींना तो फोन आठवला. हात ग्रीसने माखलेले होते, रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला होता. लांब जायचंय, जरा वेगात, चालेल का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मुळीच नाही, हजार किलोमीटर होईपर्यंत ताण द्यायचा नाही, इंजिनाची वाट लागेल, असं त्यांनी ठणकावलं होतं. गिऱ्हाईक आपल्याला विचारून गाडी काढतं, याचा त्यांना तेव्हा अभिमानच वाटला होता.

“दुपारच्या बसने गेलो,” वहिनी म्हणाल्या. “पोचलो तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतत होती.”

“मला कारण सांगितलं असतं तर...”

“त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मिस्त्रींना ऐकवेना. “मी मनाची समजूत घातली. निघालो असतो तर वाटेतच बंद पडली असती. धड ना इकडे, ना तिकडे. त्यापेक्षा बस बरी. पण सकाळपासूनची ही पाचवी खेप आहे, मिस्त्री. मला बघायचं होतं, ही खरंच मोडते का.”

त्यांनी थेट मिस्त्रींकडे पाहिलं.

“त्या दिवशी बंद पडली असती ना?”

सांगता येत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. वहिनींना तेवढाही आधार पुरला असता. पण नवीन इंजिन बसवलं की हजार किलोमीटरचं ते वाक्य मिस्त्री सगळ्यांनाच ऐकवत. सबुरीने चालवली तर गाडी हवी तिथे जाते, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

“नाही,” ते म्हणाले. “गेली असती.”

वहिनींचा हात फावड्याच्या दांड्यावरून घसरला. मग त्यांनी हात पुढे केला आणि मिस्त्रींनी त्यावर चावी ठेवली.

त्या आत जाऊन बसल्या. दार लावून घेतलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पण गाडी सुरू केली नाही. मिस्त्रींनी मातीतलं फावडं उपटलं आणि ट्रॉली रिकामी करायला घेतली.