पोटभर वीज आणि आजींचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. फोटोवाल्या मावशींच्या फ्लॅशमध्ये राहतो. दिसायला अंगठ्याएवढा, पण मी भल्याभल्यांचे डोळे दिपवतो!

ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी करून कारखान्यात मला डबीत बसवले. सेलमधून वीज आली की एका पट्टीवर धनभार साचतो, दुसरीवर ऋणभार. दोघे एकमेकांना ओढतात, पण पट्टीवर चढवलेल्या ऑक्साइडच्या नाजूक पडद्यामुळे भेटू शकत नाहीत. त्या ओढीतच ऊर्जा साठते. थेंबे थेंबे तळे साचे, तसा मी भरतो आणि बटण दाबताच सगळे एका दमात उधळून टाकतो. साठवतो म्हणून मला कंजूष म्हणू नका बरं!

पुढे नवा फ्लॅश आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. पडून राहिले की आमचा पडदा कमजोर होतो. मला फार वाईट वाटे.

एकदा नवा फ्लॅश बिघडला आणि नेमकी तेव्हाच शेजारची ताई आजींना घेऊन आली. ताई दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी दूरदेशी निघणार होती.

"मावशी, आजीचा डोळे उघडे असलेला एक तरी फोटो हवाय. प्रत्येक फोटोत ती झोपलेलीच दिसते!"

मावशींनी मला बाहेर काढले आणि नुसतेच चमकवून माझा आळस झटकला. खरे तर डोळ्याचे पाते लवायच्या आत माझे काम होते, पण आजी धसक्याने आधीच डोळे मिटत. पहिला फोटो वाया, दुसराही. तिसऱ्या वेळी मावशींनी, मी भरल्याची खूण देणारा फ्लॅशचा लाल दिवा लागण्याआधीच बटण दाबले. मी अर्धाही भरलो नव्हतो. उजेड पडलाच नाही. मी शरमेने पाणी पाणी झालो.

आजी मात्र डोळे घट्ट मिटून बसलेल्या. "झाला का गं?"

"अहो आजी, फ्लॅशच उडाला नाही!"

"अगंबाई! म्हणजे मी फुकटच डोळे मिटले?" आजी डोळे उघडून खळखळून हसू लागल्या. तेवढ्यात मी काठोकाठ भरलो, दिवा लागला, बटण दाबले गेले. लख्ख!

फोटो पाहून ताईला रडू आवरेना. आजी म्हणाल्या, "पूस ते डोळे. माझे उघडले, तर आता तुझे भरले होय?"

आता मावशी मला अधूनमधून चमकवतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंना थोडे काम देत जा. मला उघडून मात्र पाहू नका, सेल काढला तरी पोटात वीज उरते. आणि दिवा लागेपर्यंत जरा धीर धरा. आजी हसल्या त्या तेवढ्याच वेळात.