बाप्पासमोरची आगबोट

श्रूजबरीतल्या मराठी मंडळाचा गणपती शनिवारी येतो आणि रविवारी जातो. पंचांगापेक्षा शाळेच्या हॉलचं बुकिंग मोठं. यंदाच्या देखाव्याचं काम पुरुषोत्तमकाकांनी मागून घेतलं. समुद्राखालच्या केबलच्या नोकरीत या गृहस्थाचा जन्म गेलेला. त्यांनी कागदाच्या लगद्याची बोट केली: एकोणिसाव्या शतकातली आगबोट ‘मार्गारेट डन’. तिच्यापायी सुलभाकाकूंची गाडी उन्हाळाभर गराजबाहेर राहिली.

खऱ्या ‘मार्गारेट डन’ने बेटाबेटांना तारेने जोडलं, तुटलेली तार गळ टाकून तळातून वर काढली आणि म्हातारपणी धुक्यात खडकावर आपटून ती बुडाली. माणसं सगळी वाचली. गंमत म्हणजे ती बुडाल्याची बातमी तिनेच टाकलेल्या तारेतून गेली! हे सांगताना काकांचा आवाज दरवेळी चढायचा.

पण मंडळाची अध्यक्ष मृणालिनी तालमीतच म्हणाली, “काका, तो सिंकिंगचा पार्ट कॅन्सल करू या ना, प्लीज. विघ्नहर्त्यासमोर बोट बुडवायची? लोक काय म्हणतील?”

“अगं, मग अर्धीच गोष्ट सांगू?”

“हॅपी एंडिंग होईल, काका!”

काका तोंड फुगवून बसले. दोन्ही दिवस बोट बाप्पासमोर तार सोडत राहिली, टाळ्याही पडल्या. मंडळातली छोटी केया मात्र विचारून गेली, “आजोबा, व्हेअर इज द शिप नाऊ?” काकांनी बोटीचं धुराडं उगाच सरळ केलं. जन्मभर राबलेल्या माणसाला निरोपाच्या वेळी कोणी विचारू नये, तसं त्यांना त्या बोटीचं वाईट वाटत होतं.

रविवारी पार्किंग लॉटमध्ये पाण्याचा टब भरला. मूर्ती पाण्यात सोडताना मृणालिनीचे डोळे भरून आले. ते पाहिलं मात्र, काका तडक आत गेले आणि बोट कडेवर घेऊन आले.

“मृणालिनी, आत्ता तू बाप्पाला बुडवलंस का गं?”

“काहीतरीच काय, काका! विसर्जन केलं.”

“मग हिचंही करू दे की.”

ती डोळे पुसत हसली आणि टबाशी तिने जागा करून दिली. काकांनी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, तारेतून गेलेल्या बातमीसकट. लगदा भिजला, बोट कलली, धुराडं तेवढं क्षणभर वर राहिलं.

“मार्गारेट डन मोरया!” केया ओरडली.

“पुढच्या वर्षी लवकर या!” सगळ्या पोरांनी सूर धरला.

इतक्या वर्षांत त्या बोटीला असा निरोप कोणी दिला नव्हता. काका चारचौघांत घळघळा रडले आणि जराही लाजले नाहीत.

सुलभाकाकूंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला. “येऊ दे हो पुढच्या वर्षी,” त्या म्हणाल्या. “माझी गाडी राहील बाहेर.”