उशाखालचा लाल पेनड्राइव्ह

सोमवार उजाडला की युमिलकाच्या दारात गल्ली लोटायची. सिएनफुएगोस शहरात इंटरनेट परवडतंय कोणाला! हवानाहून मालिका, सिनेमे, गाणी असं आठवड्याचं 'पाकीट' यायचं आणि ज्याने त्याने आपला पेनड्राइव्ह तिच्यापुढे धरायचा. ती आधी त्यातलं जुनं सगळं पुसायची, मग नवं भरायची. आत काय आहे ते बघायचं नाही, हा तिचा नेम. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला ती काय चहाडखोर होती?

त्या सोमवारी मात्र सकाळीच पेनड्राइव्ह भरून नेलेला शेजारचा म्हातारा एलिहिओ संध्याकाळी पुन्हा दारात आला. हातात लाल पेनड्राइव्ह होता.

"पोरी, यात नुसती मालिका आहे गं. माझा रेनिएर कुठाय?"

"काका, तुम्ही तर दर वेळी निळा आणता!"

"निळ्याचं तोंड मोडलं. म्हटलं, ओनेलियाच्या लालमध्ये ढीगभर जागा आहे, मालिका राहील त्याच्या निरोपाशेजारी. तू पुसशील हे काय ठाऊक मला!"

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तू विचारायचं नाहीस?"

रेनिएर हा एलिहिओ आणि त्याची बायको ओनेलिया यांचा एकुलता एक मुलगा. होडीतून समुद्रापार, उत्तरेच्या देशात जायला निघाला. होडी सापडली, माणसं नाही. निघण्याआधी त्याने आईसाठी फोनमध्ये निरोप बोलून त्या लाल पेनड्राइव्हवर घालून ठेवला होता. अंथरुणाला खिळलेली ओनेलिया रोज मालिका संपली की टीव्हीखालच्या पेटीत तो लाल पेनड्राइव्ह लावायला सांगायची, आणि ऐकून झालं की उशाखाली ठेवायची. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. आता तिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

युमिलकाने पुसलेलं परत आणायची खटपट करून पाहिली. छे! निरोपाच्या जागेवर मालिकेचे भाग ठाण मांडून बसले होते. पोराचा फोन पोराबरोबरच गेलेला.

मग तिने आपला नेम मोडला. दारोदार फिरून, "तुमच्या पेनड्राइव्हमध्ये रेनिएर आहे का, बघू द्या," म्हणत सुटली.

"काय गं, आता उघड उघड डोकावायला लागलीस?" केशकर्तनवाली मिर्ता खवळली. कारण कळल्यावर मात्र तिने डोळे पुसले आणि लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाचं चित्रीकरण काढून दिलं. पोरी नाचताहेत, बाप्ये रम पिताहेत, आणि पाठीमागून भरल्या तोंडाने जाणारा रेनिएर! युमिलकाला तिथेच हुंदका फुटला.

ओनेलियाला तिने सगळं स्वतःच सांगितलं. एलिहिओ दाराशीच थांबला. ओनेलिया भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. युमिलकाला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी तिने न विचारताच मिर्ताकडचं चित्रीकरण भरलेला लाल पेनड्राइव्ह पेटीत लावला.

गाण्याच्या गदारोळातून पोराची हाक आली, "आई, माझं ताट काढून ठेव, आलोच मी!"

ओनेलिया वळली. "पुन्हा लाव."

युमिलकाने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"त्या निरोपात तो 'काळजी करू नकोस' म्हणायचा ना," ओनेलिया हळूच म्हणाली, "तेव्हा घाबरलेला होता गं. आवाजावरून मला कळायचं. रोज ऐकायची आणि रोज वाटायचं, आत्ता उठून त्याला अडवावं."

"मावशी, मला माफ करा."

ओनेलियाने युमिलकाचा हात दाबला आणि दाराशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "एलिहिओ, ऐकलंस ना? ताट काढ त्याचं."

म्हातारा स्वयंपाकघरात गेला. त्याने काळ्या घेवड्याचा भात वाढला, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि तिच्या उशाशी आणून ठेवलं.