अनोळखी पुरुष गायक

पाच वाजायला दोन तास उरले होते आणि बाबा कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत होते. माझ्याशी बोलायचं नसलं की ते हेच करतात. मग मी घसा फोडून ओरडले तरी यांना शांतता. माझ्या नाकावर राग असतो असं ते गावभर सांगतात. तो कुणाकडून आला हे मात्र सांगत नाहीत.

मी यंत्र खिशातून काढून त्यांच्या हातात दिलं. "बाबा, आज शेवटचा दिवस. पाचनंतर त्या तबकड्या मोडीत जाणार."

"जाऊ देत. तिची तबकडी फुटली. पन्नास वर्षं सांगतोय तुला."

मी अडीच वर्षांची असताना आई गेली. तिचे चार फोटो माझ्याकडे आहेत, तिची शिवणकामाची कात्री आहे. आवाज नाही. तो मला आठवत नाही याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही, या वयात. बाबा तेव्हा नभोवाणीच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. मावशीनं एकदा सांगितलं होतं, की आई त्याच केंद्रावर एक गाणं गायली होती आणि त्याची तबकडी निघाली होती. पुढे केंद्र बंद पडलं. तळघरातल्या तबकड्या एका संग्रहालयाकडे गेल्या. त्यांनी सगळं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ऐकायला ठेवलं आणि खाली सूचना लावली: ओळख पटेल तेवढंच जपलं जाईल, बाकीच्याला जागा नाही. ओळख पटवणारा माणूस ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथे हजर असलेला हवा. म्हणजे माझ्या माहितीतले फक्त बाबा. आणि बाबांच्या तोंडाला कुलूप.

मी गणिताची बाई. वहीत रेघा मारून तीन आठवडे कामाला लागले. दोनशे बारा ध्वनिमुद्रणांपैकी बायकांची एकतीस होती. प्रत्येकीनं तोंड उघडलं की मी आवाज वाढवायचे. आणि प्रत्येक वेळी ती दुसरीच कुणीतरी निघायची, नावगावासकट. आता बाप्यांची तेवढी उरली होती. हात चोळत बसण्यापेक्षा तीच ऐकायला घेतली.

एकशे अठ्ठ्याहत्तर नंबर. 'अनोळखी पुरुष गायक. शोकगीत. व्हायोलिनची साथ. शेवटी अस्पष्ट संभाषण.'

"निदान हा व्हायोलिनवाला कोण ते तरी सांगा," मी म्हणाले. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला नावं ठेवायची संधी बाबांनी आयुष्यात कधी सोडलेली नाही. त्यांनी यंत्र कानात घातलं.

रडतखडत गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज जाड, जडशीळ. शब्द तोंडातच विरघळत होते. बाबा दहाएक सेकंद ऐकत राहिले आणि उसळले. "हे काय आहे? व्हायोलिनला हा सूरच नसतो! आमची जाड तार कुठे लावायची ते ठरलेलं होतं, त्याच्या खाली वाजवणार काय, कपाळ? हा चार सूर खाली गेलाय. मूर्खांनी तबकडी हळू फिरवलीय!"

बोलले आणि त्यांचा हात एकदम कानातल्या यंत्राकडे गेला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"बंद कर ते."

"का?"

"बंद कर म्हणतो ना!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. पडद्यावर वेग वाढवायचं बटण होतं, ते दाबलं. गाणं भराभर पळायला लागलं, पण आवाज जाडच राहिला. मी संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाई दरवेळी मला शांतपणे 'मॅडम' म्हणायच्या. आज त्यांचाही आवाज घाईत होता.

"एकशे अठ्ठ्याहत्तर? ती मोठी तबकडी, मॅडम. मोठी म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगाची असंच आम्ही धरतो." मग कागद चाळत म्हणाल्या, "आईशप्पथ. पंचेचाळीसची असली तर? आमच्या बटणानं नुसती घाई होते, सूर बदलत नाही. मी इथून दुरुस्त करून पाठवते. अर्धा तास द्या."

चार वाजून आठ मिनिटं झाली होती. बाबा खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी येरझारा घातल्या, फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. इतका जीव टांगणीला माझ्या मुलाच्या निकालाच्या दिवशीही लागला नव्हता.

चार चाळीसला गाणं आलं.

शोकगीत कसलं, ठुमकत चालणारं गाणं होतं ते, आणि गाणारी बाई होती. तरुण, मोकळी, गाताना मधेच हसू दाबणारी. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी टेबलाची कड धरली. दुसऱ्या कडव्यात ती एका जागी थांबली, जिथे थांबायला हवं होतं तिथेच, आणि व्हायोलिन तिला न जुमानता पुढे घुसलं. ती गडबडली, कसंबसं सावरून तिनं गाणं संपवलं. मग क्षणभर नुसती खरखर. आणि एका तरुण पुरुषाचा चढलेला आवाज:

"ताल कळत नाही तर गायला आलीस कशाला? सगळ्यांसमोर लाज काढलीस माझी."

मग तिचा, अगदी हळू. "चुकलं माझं."

एवढंच. पन्नास वर्षं मी ज्या आवाजासाठी झुरले, तो हे म्हणत होता. मी बाबांकडे वळले. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

"तुम्हीच ना?"

त्यांनी मान हलवली.

"तबकडी फुटली नव्हतीच."

"नाही." ते खुर्चीत बसले. "किती वाजले?"

"पाचला दहा कमी."

"अर्ज उघड."

मी उघडला. गायिकेचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं. हजर असलेल्या साक्षीदाराच्या जागी बाबांचं नाव टाकलं. 'शेरा' या रकान्यापाशी मी थांबले. म्हटलं, शेवटचं बोलणं कापता येतं का ते त्या बाईंना विचारते.

"कापायचं नाही," बाबा म्हणाले. "लिही. दुसऱ्या कडव्यातली चूक व्हायोलिनवाल्याची आहे. गाणारी बरोबर होती."

"बाबा, हे कायमचं राहील. कुणीही वाचेल."

"माझं नाव टाक त्यात. पूर्ण."

मी लिहिलं आणि चार सत्तावन्नला बटण दाबलं. पोच आली. दोघंही पडद्याकडे बघत बसलो.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," बाबा म्हणाले. "घरी येईपर्यंत कळलं होतं कुणाचं चुकलं ते. म्हटलं, सांगू उद्या. ती पुन्हा गायलीच नाही."

"मग सांगितलंत कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती जाईपर्यंत दीड वर्ष होतं गं माझ्याकडे," ते म्हणाले. "दीड वर्ष."